५०० च्या स्पीडनं पळणारी बोट समुद्र ओलांडायला जहाजात का बसते?

परवा भाचा घरी आला होता, बडोद्यात दांडिया बाजारच्या आमच्या जुन्या घरी, आणि आल्या आल्या त्यानं मोबाईल पुढं केला. वेगाची रेकॉर्ड करणाऱ्या इंग्लंडच्या डोनाल्ड कॅम्पबेलच्या निळ्या ब्लूबर्ड बोटीची जुनी क्लिप होती. बोट पाण्यावर टेकलीय की हवेत आहे तेच कळत नाही असा तिचा वेग. मग त्यानं विचारलं, "मामा, ही इंग्लंडची बोट ना, मग रेकॉर्ड ऑस्ट्रेलियात कसं केलं? आणि एवढी फास्ट आहे तर स्वतःच पळत का नाही गेली, जहाजात घालून का नेली?"

प्रश्न पोराचा असला तरी मोठ्यांनाही पडणारा आहे, कारण बोट म्हणजे समुद्रात जाणारी गोष्ट अशीच आपली समजूत. मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, वीस-एक वर्षं एक्सपोर्ट डिस्पॅचचं काम करतोय, मशिनरी पॅक करून परदेशी पाठवायची आणि ती तिकडे चालू अवस्थेत पोचेल हे बघायचं, त्यामुळे या प्रश्नातला पाठवणीचा भाग माझ्या रोजच्या कामातला आहे, आणि बोटींचं वेड शाळेपासूनचं. त्याला चहा होईपर्यंत जे सांगितलं ते आणि त्याच्या शंका, दोन्ही इथं नीट मांडून लिहितोय.

आधी ही बोट नक्की काय असते

रेकॉर्डच्या या बोटीला हायड्रोप्लेन म्हणतात. नेहमीची बोट पाणी कापत जाते, हायड्रोप्लेन मात्र वेग घेतला की पाण्याच्या वर उचलली जाते आणि फक्त दोन-तीन छोट्या ठिकाणी पाण्याला टेकते. लहानपणी तळ्यात चपटा दगड तिरका फेकून भाकऱ्या काढायचो ना, तो दगड जसा पाण्यावर टप्पे घेत जातो आणि बुडत नाही, तसंच समजा. पाण्याला जेवढी कमी टेकेल तेवढा अडथळा कमी. पण तेवढीच ती हवेच्या ताब्यात जाते. नाक जरा वर झालं की खाली हवा शिरते आणि बोट पतंगासारखी उचलली जाते. ४ जानेवारी १९६७ ला इंग्लंडमधल्या कॉनिस्टन तळ्यावर कॅम्पबेलच्या ब्लूबर्डचं हेच झालं, ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास वेग असताना ती उचलली गेली, उलटली, आणि तो त्यातच गेला.

आज उभं असलेलं रेकॉर्ड ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बीचं आहे, ८ ऑक्टोबर १९७८, न्यू साउथ वेल्समधलं ब्लोअरिंग धरण, ताशी ५११.११ किलोमीटर. म्हणजे सेकंदाला १४२ मीटर. एक किलोमीटर ७ सेकंदात. आणि ती स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया नावाची बोट त्यानं सिडनीत घराच्या अंगणात लाकडाची बांधली होती, इंजिन हवाई दलाच्या लिलावातून घेतलेलं जुनं जेट. मला हे वाचून दरवेळी भरून येतं, खरंच. त्या माणसानं हातानं केलेलं काम चाळीस वर्षांहून जास्त काळ कुणाला मोडता आलेलं नाही.

रेकॉर्ड धरायचं कसं त्याचा नियम साधा आहे: मोजलेल्या अंतरातून एकदा जायचं, एका तासाच्या आत उलट दिशेनं परत यायचं आणि दोन्हीची सरासरी. वारा एका बाजूनं मदत करतो तो दुसऱ्या बाजूनं अडवतो, म्हणून दोन्हीकडून. त्यासाठी लांबलचक, बिनवळणाचं, आरशासारखं शांत पाणी लागतं, आणि तसं पाणी प्रत्येक देशात, प्रत्येक महिन्यात मिळत नाही. परदेशवारीचं एक मोठं कारण हे. प्रथाही जुनी आहे, १९३१ मध्ये मिस इंग्लंड २ ही बोट पार अर्जेंटिनाला नेली होती आणि पराना नदीवर केय डॉननं तिच्यावर रेकॉर्ड केलं, त्याच वर्षी तीच बोट इटलीच्या गार्डा तळ्यावर गेली. कॅम्पबेलची ब्लूबर्ड १९५५ मध्ये अमेरिकेत लेक मीडला आणि १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियाला.

मग स्वतः का जात नाही?

कारण ती समुद्रासाठी बनलेलीच नाही. वीतभर लाटसुद्धा या बोटीला रस्त्यातल्या उखडलेल्या स्पीडब्रेकरसारखी लागते. तिच्या टाकीत काही मिनिटं पळण्यापुरतं इंधन असतं. आणि थांबलेल्या अवस्थेत तर ती फार नाजूक, पाण्यात खोल बसते, इंजिनाची हवा घेणारी तोंडं पाण्यापासून फार उंच नसतात. ऑक्टोबर १९५५ मध्ये लेक मीडवर हेच घडलं, बघायला आलेल्या बोटींच्या लाटा ब्लूबर्डमध्ये शिरल्या आणि ती बुडाली. वेगात नव्हती तेव्हा बुडाली. ती वर काढली, सगळं उघडून सुकवून परत उभी केली आणि पुढच्याच महिन्यात, १६ नोव्हेंबरला, तिथंच ताशी २१६.२० मैलांचं रेकॉर्ड केलं. त्या महिनाभरात तिच्या मेकॅनिकांनी काय खपून काम केलं असेल ते मशिनरीत काम करणाऱ्याला विचारा.

वस्तू पोचते, पण सेटिंग पोचतं का?

माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे.

माझी आई गायची. तिचा तानपुरा मिरजेहून आणलेला. एकदा पावसाळ्यात तो रेल्वेनं बडोद्याला परत आणला, रजईत गुंडाळून, भोपळा मांडीवर घेऊन, कुठं ओरखडा नाही, तडा नाही. घरी येऊन आईनं तारा छेडल्या आणि तिचा चेहरा पडला. जवारी गेली होती. जवारी म्हणजे घोडीवर तार ज्या बारीक उतारावर टेकते तो उतार, कागदाच्या जाडीएवढा फरक पडला तरी आवाजातला गुंजारव जातो. तानपुरा धडधाकट पोचला होता, पण त्याचं गाणं वाटेत राहिलं होतं.

रेकॉर्डची बोट अशीच आहे. तिच्या पुढच्या दोन बाजूंना पाण्याला टेकणारे जे तरंगे असतात त्यांना स्पॉन्सन म्हणतात, त्यांचा तळाशी असलेला कोन, मागच्या फिनची सरळ रेषा, वजनाचा मध्य कुठं येतो, इंजिनाचा जोर कुठल्या रेषेत जातो, हे सगळं मिलिमीटरमध्ये आणि डिग्रीच्या छोट्या भागांमध्ये बसवलेलं असतं. प्रवासात हे जरा हललं तर डोळ्याला दिसत नाही, बोट तशीच चकाचक दिसते, आणि ५०० च्या वेगात मात्र तो फरक जिवावर येतो. म्हणून अशा बोटीच्या बाबतीत वाहतूक हा मेंटेनन्सचाच भाग धरावा लागतो. पॅकिंग करणारा आणि पाना फिरवणारा ही दोन वेगळ्या खात्यांची माणसं आहेत असं मानलं की गडबड झालीच. आमच्याकडेही सगळ्यात महाग पडणाऱ्या चुका याच सांध्यावर होतात.

कंटेनरमध्ये का घालत नाहीत?

मावत नाही, एवढंच. ४० फुटी कंटेनर आतून १२ मीटर लांब, लांबीला काही अडचण नाही, पण दार साधारण २.३४ मीटर रुंद. ब्लूबर्ड साधारण ८ मीटर लांब, पण रुंदीला ३ मीटरच्या वर. कितीही तिरकी केली तरी कुठंतरी अडणारच.

मग तीन-चार रस्ते उरतात. एक म्हणजे फ्लॅट रॅक, म्हणजे खाली प्लॅटफॉर्म आणि दोन टोकांना भिंती, बाजू आणि छप्पर उघडं. त्यावर बोट ठेवली की ती दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावते, म्हणून शेजारच्या कंटेनरांच्या जागा रिकाम्या सोडाव्या लागतात आणि त्या रिकाम्या जागेचंही भाडं आपल्यालाच. दुसरा रो-रो, म्हणजे गाड्या चालवत आत नेतात ते जहाज, बोट ट्रेलरसकट ओढून आत घ्यायची. यात क्रेननं उचलायचा प्रसंग टळतो आणि माल बंद डेकवर राहतो, मला स्वतःला अशा नाजूक मालाला हाच बरा वाटतो. तिसरा म्हणजे स्पॉन्सन वेगळे काढून, मधला भाग अरुंद करून, पेट्यांमध्ये पाठवायचं. हे ऐकायला सगळ्यात स्वस्त. पण वर जवारीचं सांगितलं ते आठवा, काढलेलं परत बसवताना सेटिंग नव्यानं करावं लागणार आणि तेही परक्या देशात, परक्या शेडमध्ये.

रस्त्याचंही आहेच. आपल्याकडे गाडीची रुंदी २.६ मीटरच्या पुढे गेली की ती ओडीसी होते, म्हणजे ठरलेल्या मापाबाहेरचा माल, मग परमिट, लाल झेंडे, एस्कॉर्ट गाडी. बडोद्यात हे कुणाला नवीन नाही, इथून ट्रान्सफॉर्मर घेऊन निघालेले ते कितीतरी चाकांचे ट्रेलर हायवेवर मुंगीच्या चालीनं जाताना आपण सगळ्यांनी पाहिलेत आणि त्यांच्यामागं अडकलोयही. अमेरिकेत रेसच्या मोठ्या हायड्रोप्लेन ट्रेलरवर चक्क एका कुशीवर कलत्या ठेवून नेतात, रुंदी कमी करायला. तिकडच्या बोटी त्यासाठी तशा आधारांसकट बनवलेल्या असतात, पन्नास-साठ वर्षं जुन्या बोटीला असं कुशीवर निजवणं मी तरी करणार नाही.

क्रेडल: गणपती आणणाऱ्यांना हे समजेल

मूर्तिकाराकडून मंडळाचा मोठा गणपती टेम्पोत चढवताना बघा. जाणता माणूस मूर्तीला हाताला, सोंडेला कधी दोर बांधू देत नाही. पाटाखाली आधार, पाट पक्का, मूर्ती पाटावर. दोर आवळायचा तो पाटाला.

बोटीचा पाट म्हणजे क्रेडल, शब्दशः पाळणा. स्टीलचा सांगाडा, बोटीच्या तळाच्या आकारात कापलेले आधार, त्यावर रबर किंवा जाड फेल्ट. आणि हे आधार कुठंही देऊन चालत नाही, बोटीच्या आत जिथं आडव्या चौकटी आहेत नेमके त्यांच्याच खाली यायला हवेत. ब्लूबर्डचं बघा, आत स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा आणि वरून अॅल्युमिनियमचा पत्रा. सांगाडा वजन घेतो, पत्रा फक्त आकार देतो. आधार चौकटीच्या अर्धा वीत पुढं-मागं झाला की अडीच टनांच्या आसपासचं वजन पत्र्यावर येतं आणि तळाला हलकासा खळगा पडतो. तळ म्हणजेच तो पाण्याला टेकणारा भाग.

आता बांधणी, म्हणजे लॅशिंग. जहाजात माल किती जोरानं ढकलला जातो याचे आंतरराष्ट्रीय ठोकताळे आहेत: खवळलेल्या समुद्रात आडव्या दिशेला मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर धरायचा, पुढं-मागं ०.४ पट. रस्त्यावर करकचून ब्रेक लागला तर पुढच्या दिशेला ०.८. म्हणजे अडीच टनांची बोट जहाज कललं की दोन टनांच्या जोरानं बाजूला जायला बघते, आणि हे एकदा नाही, प्रत्येक लाटेला, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. हे कळलं की माणूस घाबरून बेल्ट आणखी आवळतो आणि तिथंच चुकतो. बोटीवरून बेल्ट टाकून रॅचेट मारत गेलं की बोट हलत नाही खरी, पण दाबली जाते. बेल्ट क्रेडलला लावायचे, आणि बोट क्रेडलमध्ये तिच्या स्वतःच्या उचलायच्या पॉइंटना बोल्टनं धरायची. आमच्या हेल्परांना मी अजून हेच सांगतो की बेल्ट वाजवून बघा, तो टणटण वाजायला लागला म्हणजे फार झालं.

उचलतानाही तेच. हायड्रा क्रेनच्या एका हुकला दोन पट्टे अडकवून उचललं की पट्टे वर जाताना आत ओढतात आणि बोटीच्या कडा चेपतात. वर आडवी तुळई लावायची, तिला स्प्रेडर बीम म्हणतात, म्हणजे पट्टे सरळ खाली येतात.

"इंजिन तर बंदच आहे, त्याला काय होणार?"

भाच्याची ही शंका मला सगळ्यात आवडली, कारण आम्हीही एकदा अशाच समजुतीत होतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या इथून एक मशिन परदेशी गेलं होतं, मोठा आडवा स्पिंडल, म्हणजे फिरणारा दांडा, असलेलं. पॅकिंग उत्तम, लाकडी पेटी, आत प्लॅस्टिक, सगळं. तिकडे पोचून चालू केलं तर घर्र घर्र आवाज. बेअरिंग उघडून फोटो पाठवले, तर रिंगवर सारख्या अंतरावर बारीक खाचा, भिजवलेल्या कणकेवर बोटं टेकवावीत तशा ओळीनं. मशिन एकदाही फिरलेलं नव्हतं. झालं असं की स्पिंडल लॉक केलेला नव्हता आणि ट्रक आणि जहाजाच्या थरथरीनं बेअरिंगचे रोलर एकाच जागी महिनाभर कुरकुरत राहिले, तिथलं ग्रीस बाजूला झालं आणि धातूवर धातू घासला. याला फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात. फिरणाऱ्या बेअरिंगपेक्षा थांबून थरथरणारं बेअरिंग जास्त लवकर खराब होतं, हे त्या दिवशी मी शिकलो. ते फोटो अजून माझ्याकडे आहेत, नवीन पोरांना दाखवायला.

जेट इंजिनात तर मिनिटाला हजारो फेरे घेणारा शाफ्ट असतो. म्हणून इंजिन शक्यतो बोटीतून काढून रबरी माऊंटच्या वेगळ्या स्टँडवर पाठवतात, किंवा बोटीत ठेवायचंच असेल तर शाफ्ट धरून ठेवतात, आणि प्रवास लांबला तर मधेमधे हातानं थोडा फिरवून जागा बदलतात.

दुसरा शत्रू म्हणजे ओल. जहाज थंड देशातून निघून विषुववृत्त ओलांडतं तेव्हा दिवसा पत्रा तापतो, रात्री गार पडतो, आणि आतल्या हवेतली वाफ थेंब होऊन खाली टपकते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसंच, फक्त हा घाम आतून फुटतो आणि त्यात समुद्राच्या हवेतलं मीठ मिसळतं. अॅल्युमिनियम, स्टील आणि खारं पाणी तिन्ही एकत्र आले की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात अॅल्युमिनियम झिजून जातं. म्हणून निघायच्या आधी इंजिनात गंजरोधक तेलाचा फवारा मारतात, हवा घेणारी आणि सोडणारी दोन्ही तोंडं सील करतात, आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवतात. ट्रान्सफॉर्मर बडोद्याहून निघतो तेव्हा त्यातलं तेल काढून कोरडा नायट्रोजन नाहीतर कोरडी हवा भरतात आणि टाकीला इम्पॅक्ट रेकॉर्डर लावतात, म्हणजे वाटेत कधी, कुठं, किती जोराचा धक्का बसला ते नोंदलं जातं. तोच रेकॉर्डर बोटीलाही लावायचा. धक्का टळत नाही त्यानं, पण तिकडे पोचल्यावर कुठं उघडून बघायचं ते तरी कळतं. लाकडी बोटीला तर हवेतली ओलच आकार बदलायला पुरेशी, तिला सुकवूनही चालत नाही आणि भिजवूनही नाही.

स्पेअरचं एक सांगायला हवं. जुन्या इंजिनांचे पार्ट बाजारात मिळत नाहीत. कॅम्पबेलनं शेवटच्या प्रयत्नासाठी ब्लूबर्डमध्ये ऑर्फियस इंजिन बसवलं, तेच इंजिन ज्यावर आपल्या हवाई दलाची १९६५ च्या लढाईतली नॅट विमानं उडायची आणि जे बंगलोरला एचएएलमध्येही बनायचं. त्याला स्पेअर हवे होते म्हणून त्यानं एक निकामी नॅट विमानच विकत घेतलं. परदेशी जाताना बोटीबरोबर असा अख्खा संसार निघतो, आणि तोही सगळा मोजून, लिहून, कारण पुढं कस्टम्स उभं असतं.

कागद: परत आणायची शपथ

बोट काही तिकडे विकायला चाललेली नाही, काही महिन्यांनी परत येणार, मग ड्यूटी कशाला भरायची? यासाठी एटीए कार्नेट नावाचा कागद असतो. मालाचा पासपोर्टच म्हणा. माल तात्पुरता आत येतोय, ठरलेल्या मुदतीत जसाच्या तसा परत जाईल, नाही गेला तर ड्यूटी आम्ही देऊ, अशी हमी त्यात असते. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. आपल्याकडे तो फिक्की या उद्योजकांच्या संघटनेकडून मिळतो. प्रत्येक सीमेवर येताना आणि जाताना शिक्का, एक शिक्का राहिला की तुमचा माल कागदावर त्याच देशात राहिला.

यात बारकावा असा की इंधन, तेल यांसारखा संपून जाणारा माल कार्नेटमध्ये येत नाही. आणि रेकॉर्डच्या धडपडीत इंजिन फुटलं म्हणून तिथंच भंगारात दिलं, तर कस्टम्सच्या लेखी ते त्या देशात आयात झालं. फुटकं का असेना, परत आणा नाहीतर आधी कस्टम्सला दाखवून सोडवून घ्या. ब्रिटनमधून ५० वर्षांहून जुनी आणि ठरावीक किमतीच्या वरची वारसा म्हणावी अशी वस्तू बाहेर न्यायची तर एक्सपोर्ट लायसन्सही लागतं, तात्पुरती असली तरी.

टाक्या रिकाम्या करून वाफा काढलेल्या असाव्या लागतात, बॅटरी जाहीर करावी लागते, हे सगळं धोकादायक मालाच्या नियमात. आणि लाकूड! पेटीचं, पाचरींचं, सगळं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ डिग्रीला ३० मिनिटं तापवलेलं किंवा फ्युमिगेशन केलेलं हवं आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का हवा. ऐनवेळी क्रेडलखाली कुणीतरी कोपऱ्यात पडलेली बिनशिक्क्याची पाचर मारतो आणि तेवढ्यावर अख्खी कन्साइनमेंट पोर्टवर अडते. ऑस्ट्रेलियात तर सप्टेंबर ते एप्रिल युरोप-अमेरिकेकडून येणाऱ्या मालावर एका ढेकणासारख्या किड्यासाठी वेगळे नियम असतात.

"तळ्यातनं तळ्यात न्यायची, त्यात एवढं काय?"

उलट तिथंच जास्त सांभाळायचं. बोटीच्या कोपऱ्यात राहिलेल्या पेलाभर पाण्यातून एका तळ्यातले शिंपले, शेवाळ दुसऱ्या तळ्यात जातात. ज्या लेक मीडवर ब्लूबर्ड पळाली तिथं जानेवारी २००७ मध्ये क्वागा जातीचे परके शिंपले सापडले, मूळचे युक्रेनकडचे. पाण्याच्या पाइपात, गाळण्यांवर थरावर थर चढवतात ते, आणि एकदा आले की जात नाहीत. म्हणून बोट धुवायची, पाण्याचा थेंबन्थेंब काढायचा, पूर्ण सुकवायची, मगच पुढच्या पाण्यात. तळं कुणाच्यातरी पिण्याच्या पाण्याचं असतं, आपल्या बडोद्याच्या आजवा तलावासारखं.

"विमानानं पाठवा ना, दोन दिवसांत पोचेल"

पोचेल. पुढचं नाक उघडून लांब माल आत घेणारी विमानं आहेत. थरथर कमी दिवस, ओल कमी. भाडं मात्र असं की रेकॉर्ड करणाऱ्यांची बहुतेक टीम वर्गणी आणि स्पॉन्सरवर चालते, त्यांच्या आवाक्याबाहेर. शिवाय एक न दिसणारी गोष्ट: उंचीवर विमानाच्या आतला दाब जमिनीपेक्षा साधारण पाव हिस्सा कमी होतो. बोटीत तरंगण्यासाठी हवाबंद कप्पे असतील तर ते आतून फुगतात. डोंगरावर चिप्सचं पाकीट फुगतं तसे. कप्प्यांची झाकणं आधी सैल करावी लागतात आणि उतरल्यावर आठवणीनं परत घट्ट. ती आठवण राहिली नाही तर पुढचं सांगायला नको.

"इन्शुरन्स असतो की!"

असतो, पण तो वेगळा काढलेला असेल तर. जहाज कंपनीची जबाबदारी फार थोडी असते. हेग-विस्बी म्हणून जे नियम बऱ्याच देशांत लागू आहेत त्यात कंपनी देते एका नगाला ६६६.६७ एसडीआर किंवा किलोला २ एसडीआर, यातलं जे जास्त ते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, एक म्हणजे सव्वा-दीड डॉलरच्या मधे कुठंतरी. अडीच टनांच्या बोटीचे झाले ५,००० एसडीआर, म्हणजे सहा लाख रुपयांच्या आसपास. जगात एकुलत्या एक असलेल्या बोटीचे! बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनी मालाची जी पावती देते तिच्यावर, आधीच किंमत जाहीर केली असेल तरच जास्त, आणि मग भाडंही त्या हिशोबानं. म्हणून स्वतःची पॉलिसी घ्यायची आणि किंमत आधीच ठरवून लिहून घ्यायची, कारण नुकसान झाल्यावर अशा वस्तूचा बाजारभाव कुठला काढणार.

आणखी एक जुना कायदा आहे, जनरल अॅव्हरेज. जहाज संकटात सापडलं आणि ते वाचवायला खर्च झाला, तर तो खर्च जहाजावरच्या सगळ्या मालवाल्यांनी वाटून घ्यायचा, तुमच्या मालाला धक्का लागलेला नसला तरी. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन नावाचं कंटेनर जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं, तेव्हा हाच लागू झाला. जहाज मोकळं झालं तरी इजिप्तमधून सुटायला ७ जुलै उजाडला आणि त्यावरच्या मालवाल्यांना हमी भरल्याशिवाय माल मिळेना. अशा जहाजावर तुमची बोट असेल तर रेकॉर्डचा सगळा सीझन गेला.

पण खरं उत्तर असं आहे की इन्शुरन्सनं पैसे येतात, बोट येत नाही. कॉनिस्टनच्या तळाशी गेलेली ब्लूबर्ड २००१ मध्ये वर काढली, मग वर्षानुवर्षं लोकांनी पदरमोड करून तिचा मूळचा पत्रा जमेल तेवढा वापरून ती उभी केली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ब्यूट बेटावर ती परत पाण्यावर पळाली. त्यातला एक वाकलेला पत्रा सरळ करायला किती दिवस गेले असतील त्याला कुठल्या पॉलिसीत रकाना नाही.

पोचल्यावर

इथं घाई नडते. स्पॉन्सर आलेले असतात, पत्रकार आलेले असतात, पण बोट लगेच क्रेडलवरून उतरवायची नसते. आधी इम्पॅक्ट रेकॉर्डर वाचायचा. मग मापं. निघण्यापूर्वी बोटीवर ठरावीक ठिकाणी खुणा करून त्यांच्यामधली अंतरं, कोन, सगळं एका कागदावर लिहिलेलं असतं, तीच मापं त्याच माणसानं त्याच पट्टीनं परत घ्यायची आणि शेजारच्या रकान्यात लिहायची. फरक दिसला तर तिथली वेल्डिंग डीपी टेस्टनं बघायची, म्हणजे लाल रंगाचं द्रव लावून पुसायचं आणि पांढरी पावडर मारायची, केसाएवढी चीर असली तरी लाल रेघ उमटते. इंजिनात बोरोस्कोप, म्हणजे आत डोकावायची बारीक नळी, घालून पाती बघायची, गंजरोधक तेल जाळून टाकायला बोट घट्ट बांधून इंजिन चालवायचं. तेव्हा पांढऱ्या धुराचे लोट निघतात, बघणाऱ्यांना वाटतं काहीतरी पेटलं. मग हळू फेरी, मग थोडी जोरात, दर फेरीनंतर परत बघणं.

आणि एवढं करून वाट बघणं. १९६४ मध्ये कॅम्पबेलनं आधी साऊथ ऑस्ट्रेलियातल्या लेक बॉनीवर प्रयत्न केला, पाणी शांत मिळेना, मग सगळं बिऱ्हाड उचलून पश्चिम टोकाला डम्बलयंग तळ्यावर नेलं, तिथंही वारा. त्याच वर्षी जुलैत त्यानं जमिनीवरचं रेकॉर्ड केलेलं होतं आणि दोन्ही एकाच वर्षात करायचं होतं. ३१ डिसेंबरला दुपारी वारा पडला. जाऊन येऊन सरासरी ताशी २७६.३३ मैल, म्हणजे ४४४.७१ किलोमीटर, वर्ष संपायला काही तास उरलेले असताना. जमीन आणि पाणी दोन्ही एकाच वर्षात, हे आजवर दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही.

डम्बलयंग हे खारं तळं आहे, हे मी भाच्याला शेवटी सांगितलं, तेव्हा तो लगेच म्हणाला, "म्हणजे मामा, रेकॉर्ड झाल्या झाल्या पहिल्यांदा धुवायला घ्यायची ना?" बरोबर. गोड्या पाण्यानं, आतून-बाहेरून, सांध्यासांध्यात, आणि मीठ वाळायच्या आत.